वांगावरची गोळी आणि पत्रातला ताजा कलम

प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते.

वय ३६. दोन मुलं, धाकटी मुलगी तीन वर्षांची. नोकरी पणजीला, जाणं-येणं स्कूटरवरून. धाकटीच्या वेळी सहाव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. बाळंतपणानंतर जातील असं सगळे म्हणाले, पण गेले नाहीत, उलट गडद झाले. ‘चवथीला घरी आलेल्या प्रत्येक बाईने विचारलं, तुला बरं नाही का गं? मी गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभी राहून हसत होते आणि आत जाऊन रडले.’ तीन-चार क्रीमं लावून झाली. आता मडगावच्या मावसबहिणीने एका गोळीचं नाव पाठवलं आहे, ट्रानेक्झॅमिक ॲसिड. तिचा चेहरा तीन महिन्यांत उजळला. यांनी फार्मसीत जाऊन मागितली, कुणी काही विचारलं नाही. दहा गोळ्यांची स्ट्रिप कपाटात आहे. नवरा म्हणतो, ही पाळीत जास्त जातं तेव्हाची, रक्त गोठवायची गोळी. तोंडावरच्या डागांसाठी अंगातलं रक्त गोठवून घेणार का? मावसबहीण म्हणते, पाळीसाठी बायका दर महिन्याला खातात, कुणाला काही होत नाही. डिसेंबरात दिराचं लग्न आहे. गोळी सुरू करू की नको?

आणि सहीच्या खाली: ‘ता. क. मुलगी झाल्यानंतर काही महिन्यांपासून मी गर्भनिरोधक गोळ्या घेते, त्या चालू ठेवल्या तर चालतील ना? आईला गर्भपिशवी काढल्यावर पायात रक्ताची गाठ झाली होती, पण ती ऑपरेशनमुळे असेल.’

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माटोळीखाली हसत उभ्या राहिलेल्या तुम्ही डोळ्यांपुढे आल्या. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ताजा कलमापाशी थांबले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, सहीच्या खाली, जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींत. म्हणून आधी तेवढं सांगून टाकते: कपाटातली ती स्ट्रिप उघडू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तर मुळीच नको. का, ते आता सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं की मनात ‘पण तिला तर गुण आला’ हे राहतंच.

तिला गुण आला असेल, यात मला शंका नाही. तुमचे पती आणि तुमची मावसबहीण, दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांच्याही म्हणण्यात एकेक खोट आहे.

पतींची समजूत अशी की ही गोळी रक्त गोठवते. तसं नाही. आपल्याकडच्या खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा बांध आठवा. भरतीला बांध कुठे फुटला की माणसं धावतात, माती-दगड टाकून भगदाड बुजवतात. शरीरही जखम झाली की तेच करतं, तो बांध म्हणजे रक्ताची गुठळी. पण जखम भरल्यावर ती जास्तीची माती तिथेच राहिली तर पाणी तुंबेल, म्हणून ती उपसून काढणारी माणसंही शरीराने ठेवलेली आहेत. त्यांचं नाव प्लाझमिन. ट्रानेक्झॅमिक ॲसिड स्वतः एक घमेलंभरही माती टाकत नाही. ते फक्त उपसणाऱ्यांचे हात धरून ठेवतं. म्हणजे नवीन गुठळी ही गोळी बनवत नाही, बनलेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. निरोगी बाईच्या शिरांमध्ये विनाकारण बांध घातला जातच नाही, त्यामुळे तिथे हात धरले काय नि सोडले काय, सहसा काही बिघडत नाही. तुमची मावसबहीण बहुधा अशीच असावी.

पण जिच्या अंगात काही कारणाने माती टाकणारे आधीच जास्त झालेत, तिचं काय? तिथे पतींची भीती खरी ठरते. त्यांनी दिलेलं कारण चुकीचं होतं, दिशा मात्र बरोबर होती.

या औषधाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून थोडं विषयांतर करते. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं, १९६२ मध्ये त्याचा निबंध छापून आला. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात ही उताकोंची तळमळ होती. लहान मुलीला सांभाळायला कुणी नसे, म्हणून तिला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने, २०१० मध्ये, अपघातातल्या वीस हजारांहून जास्त जखमींवरचा मोठा अभ्यास आला आणि हे औषध जीव वाचवतं हे दिसलं. २०१७ मध्ये बाळंतिणींवरचा तसाच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात. तो निकाल पाहायला उताको नव्हत्या, २०१६ मध्ये त्या गेल्या. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध आहे. तेव्हा ‘असलं काहीतरी औषध’ म्हणून ते झिडकारू नका. पण वाहत्या रक्ताला थांबवणारं औषध, जिथे रक्त वाहतच नाही अशा ठिकाणी, महिनोन्महिने घ्यायचं असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मग चेहऱ्याचा आणि याचा संबंध आला कुठून? योगायोगाने. १९७९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाला अंगावर गांधी उठत होत्या, त्यासाठी हे औषध दिलं होतं, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की चेहऱ्यावरचा वांग फिकट होतोय. कारण पुढे हळूहळू उलगडलं. रक्तातली ती माती उपसणारी माणसं त्वचेतही असतात. ऊन लागलं की त्वचेच्या पेशी त्यांना जागं करतात, आणि त्यांच्या कामातून जी रसायनं सुटतात ती रंग बनवणाऱ्या पेशींना डिवचतात. वांगाच्या जागी बारीक रक्तवाहिन्याही वाढलेल्या असतात. हात धरून ठेवले की हे दोन्ही मंदावतं. आता भारतातलेच कितीतरी त्वचारोगतज्ज्ञ निवडक रुग्णांना ही गोळी देतात, मीही देते. वांगासाठी हा वापर औषधाच्या मूळ छापील उपयोगाबाहेरचा आहे. डॉक्टरने स्वतःच्या जबाबदारीवर, रुग्णाला समजावून करायचा.

मात्रासुद्धा वेगळी असते. पाळीसाठी जास्त ताकदीच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, पण फक्त चार-पाच दिवस. वांगासाठी बहुतेक वेळा २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पण तीन-चार महिने. ‘बायका दर महिन्याला खातात’ हे मावसबहिणीचं म्हणणं इथे लंगडं पडतं. चार दिवसांची गोष्ट आणि शंभर दिवसांची गोष्ट एक नव्हे.

सिंगापूरमध्ये वांगासाठी ही गोळी घेतलेल्या ५६१ जणांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक निबंध आला. दहातल्या जवळपास नऊ जणांना फरक पडला होता. सुमारे सत्तावीस टक्के लोकांचा वांग परत आला. शंभरात सातेक जणांना त्रास झाला, बहुतेकांचा किरकोळ: पोट फुगणं, पाळी कमी जाणं. आणि एका रुग्णाच्या पायाच्या खोल शिरेत गाठ झाली. तपासल्यावर कळलं की त्या कुटुंबात प्रोटीन एस नावाच्या घटकाची उणीव पिढीजात होती. हा घटक रक्ताला उगाच गोठू देत नाही.

५६१ मधली एकच. पण ताई, तुमचा ताजा कलम वाचताना मला तीच आठवली.

तुमच्या आईची गाठ. ‘ऑपरेशनमुळे असेल’, तुम्ही लिहिता. असेलही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, माणूस दिवसेंदिवस पडून असताना पायात गाठ होऊ शकते, आणि तसं असेल तर तिचा अर्थ तितका गंभीर नाही. पण गर्भपिशवी कितीतरी बायकांची काढतात, गाठ त्यातल्या थोड्यांनाच होते. त्या थोड्यांमध्ये तुमची आई का होती, याचं उत्तर कधीकधी रक्तातच असतं, आणि ते आईकडून मुलीकडे येऊ शकतं. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला अशी गाठ झाली असेल तर आपला धोका साधारण दुप्पट धरतात. आईचं वय तेव्हा किती होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पंचेचाळीशीत झालेली गाठ आणि सत्तरीत झालेली गाठ यांना डॉक्टर वेगळं वजन देतात.

आता गर्भनिरोधक गोळ्या. कोणत्या, तेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथे नाव महत्त्वाचं आहे. माला-डी, माला-एन किंवा बाजारातल्या त्यांच्यासारख्या बहुतेक गोळ्यांमध्ये दोन संप्रेरकं असतात, त्यातलं एक इस्ट्रोजेनच्या जातीचं. हे इस्ट्रोजेन रक्त गोठवणारे घटक वाढवतं. बांधाच्या भाषेत, माती टाकणारी माणसं वाढतात. आकडा मोठा नाही, घाबरू नका: मूल होण्याच्या वयाच्या, गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला १ ते ५ जणींना गाठ होते, गोळी घेणाऱ्यांमध्ये ३ ते ९ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहून जास्तच असतो. तेव्हा गर्भनिरोधक गोळी वाईट असं मी म्हणत नाही, तिने अनेक बायकांचं आयुष्य सुकर केलंय. पण एकीकडे माती टाकणारे वाढवायचे आणि दुसरीकडे उपसणाऱ्यांचे हात धरायचे, हे एकाच वेळी करायचं नसतं. अमेरिकेत पाळीसाठीच्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या माहितीपत्रकातच लिहिलंय: अशा संयुक्त गर्भनिरोधकांसोबत देऊ नये. तुमच्या बाबतीत त्यावर आईचा इतिहास, वय पस्तिशीच्या पुढे. मी तरी या तीन गोष्टी एकत्र असताना कुणाला ही गोळी लिहून देणार नाही.

आणि तुमचं लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधते, जिचा तुम्ही विचार केला नसेल. वांग उठवण्यात आणि टिकवण्यात उन्हाच्या खालोखाल हात असतो तो संप्रेरकांचा. गरोदरपणात आलेला वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिका होतो. तुमचा झाला नाही, उलट गडद झाला. मधल्या काळात नवीन काय सुरू झालं? त्याच गोळ्या. त्याच कारण असतील असं पत्रावरून छातीठोक सांगता येत नाही, स्कूटरवरचं ऊनही आहेच. पण वांगासाठी दुसरी गोळी वाढवण्याआधी पहिली बदलता येते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. तुम्ही तिसरीच दिशा धरलीत, कारण मावसबहिणीचा व्हॉट्सॲप तिकडून आला.

फक्त एक करा: गर्भनिरोधक गोळ्या उद्याच्या उद्या, मध्येच, स्वतःहून बंद करू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आईची गोष्ट त्यांना सांगा (बाळंतपणाच्या धावपळीत ती सांगायची राहून गेली असणार) आणि विचारा की माझ्यासाठी दुसरं काय योग्य. तांबी हा एक चांगला पर्याय आहे, तिच्यात संप्रेरक नसतं, सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. पाळी आधीच जास्त जात असेल तर तांबीने ती आणखी वाढू शकते, तेही बोलून घ्या. निरोध वापरायची पतींची तयारी असेल तर तेही उत्तरच आहे. त्यांना तुमच्या रक्ताची एवढी काळजी आहे, तेव्हा हा विषय त्यांच्यापाशी काढायला हरकत नाही.

गाठ होण्याचा कल रक्ताच्या तपासण्यांतून काही अंशी कळतो. पण त्या सरसकट सगळ्यांच्या करत नाहीत, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना प्रोटीन एसचं प्रमाण मुळातच कमी दिसू शकतं. म्हणून पॅथॉलॉजी लॅबमध्ये परस्पर जाऊन पैसे घालवू नका. करायच्या का आणि कधी करायच्या, हे डॉक्टर आईचे कागद पाहून ठरवतील.

आता कपाटातल्या स्ट्रिपकडे वळते. हा भाग तुमच्याइतकाच इतर वाचक बहिणींसाठी आहे, कारण हे मी वारंवार पाहते. आपल्याकडे ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या पाळीसाठीच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा दुसरं औषधही मिसळलेलं असतं. सगळ्यात जास्त आढळतं ते मेफेनॅमिक ॲसिड, पाळीतल्या दुखण्यावरचं वेदनाशामक. पाळीत चार दिवस ते उपयोगी. पण वांगासाठी म्हणून तीच जोडगोळी कुणी तीन महिने सकाळ-संध्याकाळ घेतली तर बाई चेहऱ्यासाठी म्हणून रोज वेदनाशामक खात राहते, त्याची झळ जठराला आणि मूत्रपिंडाला बसते. आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड शरीराबाहेर पडतं तेही मूत्रपिंडांतूनच. ती मंदावली की औषध अंगात साचायला लागतं. मैत्रिणीने नाव सांगितलं, फार्मसीवाल्याने त्या नावाची जी हाताला लागली ती स्ट्रिप दिली, नावाच्या शेवटी दोन अक्षरं जास्तीची होती ती कुणी वाचलीच नाहीत. असं होतं. ताकदही बघा: पाचशेची गोळी आणि अडीचशेची गोळी दिसायला सारखीच पांढरी.

तुम्ही तीन-चार क्रीमं लावलीत, त्यांची नावं लिहिली नाहीत. त्यांची मला गोळीइतकीच काळजी वाटते. डाग घालवायच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या किती तरी क्रीमांमध्ये स्टेरॉईड असतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा काचेसारखा उजळतो, मग लाली, पुरळ, बारीक लाल शिरा, नको तिथे केस. सोडलं की जळजळ, म्हणून पुन्हा लावायचं. हायड्रोक्विनोन हे वांगावरचं जुनं आणि खरोखर उपयोगी औषध, पण तेही वर्षानुवर्षं लावलं तर उलटा, निळसर-काळा डाग पडू शकतो. आणि ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत तिच्यात पारा असू शकतो. घरात अशी डबी असेल तर टाकायच्या आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग टाका. तुमचा चेहरा गडद होत गेला त्यात एखाद्या क्रीमचाही वाटा असेल.

तो वांगच आहे ना, हेही कुणी नीट पाहिलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. गरोदरपणात आले, दोन्ही गालांवर सारखे, वरच्या ओठावर, म्हणजे असण्याची शक्यता मोठी. पण चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांच्या कलपाची ॲलर्जी कपाळावर आणि कानशिलांवर काळं सावट ठेवून जाते. मानेवर, गालफडांवर मखमली काळेपणा असेल तर तो साखरेकडे आणि वजनाकडे बोट दाखवतो. सत्तरी तालुक्यातल्या, पेडण्यातल्या काजूवाल्या घरांतल्या बायका येतात तेव्हा मी आधी विचारते, बिया कुणी भाजल्या, टरफलाचं तेल उडालं का? त्या तेलाने त्वचा भाजते आणि भाजल्याचा डाग महिनोन्महिने राहतो. त्याला ट्रानेक्झॅमिक ॲसिडची गोळी काय करणार? तेव्हा एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवाच. खाजगीत जाणं जमत नसेल तर बांबोळीला गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोग विभाग आहे. रांग असेल, पण अर्ध्या दिवसाची रजा त्यासाठी घालवण्यासारखी आहे.

आणि ऊन. तुम्हाला वाटेल आता ही सनस्क्रीन लावा म्हणणार, म्हणून पुढची ओळ वगळाल. वगळू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४४ स्त्रियांपैकी निम्म्यांना हीच गोळी तीन महिने दिली आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सनस्क्रीन सगळ्यांना. गोळीवाल्यांचा वांग ४९ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या सनस्क्रीनवाल्यांचा १८ टक्क्यांनी. गोळी जिंकली. पण गोळी बंद केल्यावर आणखी तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा गोळीवाल्यांची सुधारणा २६ टक्क्यांवर उतरली होती आणि सनस्क्रीनवाल्यांची १९ वर टिकून होती. ही गोळी वांगाचं मूळ उपटत नाही, ती चालू असते तोवर त्याला दाबून धरते. गोळी सुटल्यावर जे हातात उरतं ते मुख्यतः सनस्क्रीनमुळे.

फोंड्याहून पणजी आणि परत, सकाळ-संध्याकाळ, रोज स्कूटरवर उन्हातून. हेल्मेटची काच खाली असली तरी दिसणारा उजेड आत येतोच, आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत वांगाला तो उजेडही पुरतो. म्हणून पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनपेक्षा रंग असलेली, आयर्न ऑक्साईड असलेली घ्या, एसपीएफ ३० किंवा ५०. दोन बोटांच्या लांबीइतकी, चेहरा आणि मानेला मिळून. हरभऱ्याएवढी लावली तर न लावल्यात जमा. आपल्या हवेत ती घामाने तासाभरात ओघळते, त्यामुळे ऑफिसला पोचल्यावर तोंड टिपून पुन्हा, आणि संध्याकाळी निघताना पुन्हा. वर सुती ओढणी, घट्ट विणीची. पावसाळ्यातही हेच, ढगांतून अतिनील किरण येतात.

लावायच्या औषधांमध्ये तुमच्यासाठी बरंच काही शिल्लक आहे. ॲझेलेइक ॲसिड सौम्य आहे, गरोदरपणातही चालतं, फक्त धीर हवा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉईड यांचं तिहेरी क्रीम डॉक्टरच्या देखरेखीखाली आठ-बारा आठवडे वापरतात आणि मग थांबवतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिडसुद्धा सीरम किंवा क्रीमच्या रूपात मिळतं, दोन ते पाच टक्क्यांचं. गोळीइतका परिणाम दिसेलच असं नाही, पण रक्तात फारसं काही जात नाही, त्यामुळे तुमच्या परिस्थितीत त्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. सुयांची उपकरणं आणि लेझर यांचा आत्ता विचार नको. आपल्या त्वचेत वांगावर लेझर मारला की कधीकधी तो दुप्पट गडद होऊन परततो, आणि लग्न तीन महिन्यांवर आलंय.

ज्या वाचक बहिणींच्या ताजा कलमात असं काही नाही आणि ज्यांना डॉक्टरांनी तपासून ही गोळी दिली आहे, त्यांनी घाबरून ती फेकू नये. फक्त डॉक्टरांनी विचारलं नसेल तरी आपण होऊन सांगा: घरात कुणाला गाठ, कमी वयात पक्षाघात किंवा हृदयविकार, तुमचे एकापाठोपाठ झालेले गर्भपात, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन होणारी अर्धशिशी, फिट येण्याचा त्रास, मूत्रपिंडाचा विकार, धूम्रपान. दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर वांगासाठी ही गोळी नको. गोव्यात घराघरातलं कुणीतरी आखातात, इंग्लंडमध्ये नाहीतर जहाजावर असतं, त्यांना भेटायला जाणं होतं. लांबच्या विमान प्रवासात तासन्तास पाय लोंबते ठेवून बसल्याने गाठीचा धोका थोडा वाढतो, म्हणून तिकीट काढलं की डॉक्टरांना विचारा, ते गोळी काही दिवस थांबवायला सांगतील. ऑपरेशन ठरलं असेल किंवा हाड मोडून प्लास्टर घातलं असेल तरी तसंच.

आणि गोळी चालू असताना एकाच पोटरीला सूज आली, ती दुखते, गरम लागते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं. बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला. नजर अंधूक झाली किंवा रंग वेगळे दिसायला लागले. यांपैकी काहीही झालं, तर पुढची गोळी घेऊ नका आणि सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा. १०८ ला फोन करा. तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी वांगासाठी ट्रानेक्झॅमिक ॲसिड घेते. हे वाक्य बायका सांगत नाहीत. चेहऱ्यासाठी औषध घेतलं याची लाज वाटते, ‘हौस’ म्हणतील असं वाटतं.

त्या लाजेबद्दल तुमच्याशी थोडं बोलायचंय. डाग जावेत असं वाटणं यात हौस नाही. चवथीच्या गर्दीत दहा जणींनी तोंडाकडे बघून ‘बरं नाही का’ विचारलं तर कुणालाही लागेल. पण तुमच्या पत्रात मला एक गृहीतक दिसलं: की डिसेंबरपर्यंत हे गेलंच पाहिजे. कुणी ठरवलं? दिराच्या लग्नात तुम्हाला करवलीच्या मागे उभं राहायचंय, ते उजळ चेहऱ्याने व्हावं असं वाटत असेल तर त्या एका दिवसासाठी डाग झाकणारा मेकअप असतो, त्यात कमीपणा काही नाही. अंगात रक्ताचा काय खेळ चाललाय हे माहीत नसताना लग्नाची तारीख बघून गोळी सुरू करण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं. वांग जाईल ते वर्षाच्या हिशेबाने, महिन्यांच्या नव्हे. आणि पूर्ण गेला नाही, निम्मा फिका झाला, उन्हाळ्यात थोडा परतला, तरी उपचार फसला असं होत नाही. त्याची चालच तशी आहे.

पुढच्या वेळी कुणी विचारलं ‘बरं नाही का गं?’, तर सांगून बघा: ‘बरी आहे, बाळंतपणातला वांग आहे, औषध चालू आहे.’ एवढं स्पष्ट सांगितलं की पुढचा प्रश्न बहुधा ‘कोणाकडे?’ असा येतो, कारण विचारणाऱ्या बाईच्याही घरात कुणाला तरी तो असतो.

आज रात्री आईला फोन करा. तिला विचारा, गाठ झाली तेव्हा तू किती वर्षांची होतीस, ऑपरेशननंतर किती दिवसांनी झाली, रक्त पातळ करायची औषधं किती महिने घेतलीस, आणि तुझ्या बहिणींपैकी, तुझ्या आईकडच्या कुणाला असं काही झालं होतं का. इस्पितळातून सोडतानाचा कागद असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या. तो फोटो, गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट, उरलेली क्रीमं आणि कपाटातली ती न उघडलेली स्ट्रिप, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. धाकट्या बहिणी असतील तर आईने सांगितलेलं त्यांनाही कळवा. त्यांच्यापैकी कुणी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर तिलाही हे माहीत असायला हवं.